दहा मिनिटं कुणाच्या हिशोबातली?

(विद्यापीठीय महिला कर्मचाऱ्यांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडी काटछाट केली आहे. – संपादक मंडळ)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'बैठं काम करणाऱ्या स्त्रियांसाठी छोटे व्यायाम' असा विषय छापलाय. त्यावरून कुणाला वाटलं असेल, या बाई आता सतरंजी पसरायला लावणार. तशी भीती नको. मी डॉक्टर नाही, योगशिक्षिका तर नाहीच. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली बारा वर्षं मी स्त्रियांच्या संघटनेत काम करते. आमच्याकडे बायका येतात त्या मारहाणीच्या, पोटगीच्या, घरातून काढून दिल्याच्या तक्रारी घेऊन. व्यायाम हा विषय आमच्या यादीत कधी नव्हता. खरं सांगू? तो सुखवस्तू बायकांचा विषय आहे असंच मला वाटायचं. पांढरे बूट घालून सकाळी टेकडीवर जाणाऱ्या बायकांचा.

तो आमच्याकडे आला एका खुर्चीमुळे. तीन वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागातली एक बाई आमच्या सल्ला केंद्रात आली. वय सेहेचाळीस, नोकरी बावीस वर्षांची. तक्रार नवऱ्याविषयीची होती, ती इथे सांगत नाही. मी खुर्ची पुढे केली, तर ती बसेना. भिंतीला टेकून उभ्या उभ्याच तिने पाऊण तास सगळं सांगितलं. मला वाटलं, संकोच असेल. दुसऱ्या भेटीत पुन्हा तेच. तेव्हा विचारलं. म्हणाली, "ताई, दिवसभर बसूनच असते हो. आता खुर्ची बघितली तरी नको वाटतं. कंबरेतून कळ निघते ती पार पोटरीत उतरते." घरी सांगितलंस का, म्हटलं. "सांगितलं ना. तर म्हणतात, तुला काय झालंय दुखायला? पंख्याखाली बसून तर असतेस."

हे वाक्य तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय, हात वर करा बघू. … बघा! मोजायची गरज नाही.

आपल्या भाषेतच गंमत आहे. 'बसून खाणं' म्हणजे काही न करता खाणं. 'बसल्या जागी पगार' म्हणजे फुकटचा पगार. शेतात वाकलेली बाई कष्ट करते, डोक्यावर पाटी घेतलेली बाई कष्ट करते, हे दिसतं तरी. खुर्चीत बसून दिवसाला शेकडो अर्ज तपासणारी, पुनर्मूल्यांकनाचे गुण संगणकात भरणारी, एका आकड्याची चूक झाली तर मुलाचं वर्ष जाईल या धास्तीने पडद्याकडे डोळे लावून बसलेली बाई मात्र आरामात असते! आणि आराम तर ऑफिसात झालेलाच आहे, तेव्हा घरी आल्यावर कणीक मळायला ती मोकळीच.

बसणं म्हणजे आराम नाही, हे काही आजच कळलेलं नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा इटालियन वैद्य होऊन गेला. कोणत्या धंद्यातून कोणते आजार होतात यावर त्याने १७०० साली ग्रंथ लिहिला. पुढे १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या, म्हणजे आपल्या कारकून मंडळींच्या आजारांची भर घातली. कारणं तीन दिली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने एकसारखी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. तीनशे वर्षं झाली. बोरूच्या जागी कीबोर्ड आला. तिन्ही कारणं जागच्या जागी आहेत.

दुसरी गोष्ट लंडनच्या बसची. जेरी मॉरिस या डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. दुमजली बस, ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटं द्यायला दिवसभर जिना चढ-उतर करणारा. एकाच बसमधले, साधारण सारख्याच घरांतून आलेले दोघं. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आणि ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. मग मॉरिसने गणवेशाच्या विजारींची मापंसुद्धा काढली. ड्रायव्हरांच्या कमरा रुंद होत्या. लंडनच्या बसमध्ये तेव्हा बायका कंडक्टरही होत्या, पण पाहणी पुरुषांचीच केली. हे जाता जाता सांगितलं, कारण पुढे आपल्याला ज्या अडचणी आल्या त्यांतली एकही या थोर संशोधनात सापडत नाही.

शरीरात होतं काय? दोनच गोष्टी सांगते, त्या समजल्या तरी पुरे. पायातलं रक्त वर हृदयाकडे परत जायला जोर लागतो. तो पोटरीचे स्नायू देतात. चालताना ते आवळतात, सैलावतात, पंपासारखं रक्त वर ढकलतात. बसलो की पंप बंद. म्हणून संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो आणि त्याची खूण घरी गेल्यावरही दिसते. दुसरं म्हणजे जेवणानंतर रक्तात साखर वाढते आणि ती वापरणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक मांड्यांचे स्नायू. ते स्वस्थ पडले की साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. ऑस्ट्रेलियात २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. माणसं थोडीच होती, एकोणीस. त्यांना पाच तास बसवलं. एका दिवशी सलग, आणि दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालायला लावून. चालण्याच्या दिवशी खाण्यानंतर वाढणारी साखर आणि इन्सुलिन दोन्ही साधारण पाव हिश्श्याने कमी भरली. भरभर चाललं तरी, आणि आपण पाणी आणायला जातो तसं सावकाश चाललं तरी! पूर्वी सांगायचे की व्यायाम सलग दहा मिनिटं झाला तरच मोजायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती अट काढून टाकली. दोन मिनिटंही मोजतात.

आणि सकाळी तासभर फिरून आलं की दिवसभर बसायला मोकळीक, असंही नाही. फिरण्याचा फायदा होतोच, पण सलग बसणं मोडायला हवं ते हवंच.

आता प्रश्न असा की मोडायचं कुणी आणि कधी?

डॉक्टरांकडे गेलं की ते म्हणतात, "रोज सकाळी पाऊण तास चाला." त्या परीक्षा विभागातल्या बाईलाही सांगितलं होतं. तिचा दिवस मी तिच्याकडून लिहून घेतला. पाचला उठणं, पाणी भरणं, तीन डबे, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं, आठ दहाची बस. ऑफिसात दहा ते सहा. जेवण टेबलावरच, एका हाताने, कारण दुसऱ्या हाताखाली कागद. सात वाजता घरी, मग स्वयंपाक, भांडी, उद्याची भाजी निवडणं. अंथरुणाला पाठ टेकते अकराला. यातली कोणती पाऊण तासाची जागा रिकामी आहे, मी डॉक्टरांना विचारणार होते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. जे पुरुष घरकाम करतात, ते ८८. आणि मुळात करणारे पुरुष किती? शंभरात सत्तावीस. स्त्रिया एक्याऐंशी. म्हणजे 'सकाळी चाला' हा सल्ला ज्याची सकाळ स्वतःची आहे त्याच्यासाठी आहे.

राज्य सरकारच्या कार्यालयांत फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा झाला. सगळ्यांनी स्वागत केलं, मीही केलं. पण त्या बदल्यात रोजची वेळ पाऊण तासाने वाढली. मंत्रालयातल्या एका मैत्रिणीला विचारलं, शनिवारी काय करतेस? म्हणाली, "आठवड्याचं राहिलेलं."

म्हणून आम्ही ठरवलं: ही मिनिटं बाईच्या घरच्या वेळेतून काढायची नाहीत, जेवणाच्या सुट्टीतूनही नाहीत. ती ऑफिसच्या वेळेतून, पगाराच्या वेळेतून काढायची. एकदा सकाळी पावणेबाराला, एकदा दुपारी चारला, दहा-दहा मिनिटं. हे काही जगावेगळं नाही. मेक्सिकोच्या आरोग्य मंत्रालयाच्या कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेतच रोज दहा मिनिटं संगीतावर व्यायाम केला आणि वर्षभरात कमरेचा सरासरी घेर दीड सेंटिमीटरभर उतरला. ही पाहणी २००८ साली छापून आली. आपल्याकडेही आयुष मंत्रालयाने कामाच्या जागी करायचा पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' काढला. २०२१ मध्ये त्याचं मोबाईल अॅप आलं, केंद्राच्या खात्यांना त्याचा प्रसार करा असं परिपत्रकही निघालं. चांगली गोष्ट आहे. पण अॅप म्हणजे काय? तुझ्या फोनवर, तुझ्या जबाबदारीवर. टेबलावरचा गठ्ठा कमी करायची जबाबदारी कुणावर, ते अॅपमध्ये नसतं.

आम्ही तिघी-चौघी त्या विद्यापीठात परवानगी मागायला गेलो. विभागाचे अधिकारी सज्जन होते. चहा मागवला. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि हिशोब मांडला. वीस मिनिटं गुणिले चाळीस माणसं, आठशे मिनिटं. म्हणजे रोज तेरा तास वीस मिनिटं वाया. "मॅडम, निकालाला उशीर झाला तर वर्तमानपत्रात माझं नाव येतं, तुमचं नाही." त्यांचंही खोटं नव्हतं.

तेव्हा आमच्याबरोबरच्या एक वरिष्ठ सहायक बाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, शांतपणे म्हणाल्या, "साहेब, खाली टपरीवर पुरुष मंडळी दिवसातून तीनदा जातात. चहा, तंबाखू, सिगारेट. एका खेपेला पंधरा मिनिटं. ते तेरा तासांत धरले का?" बायका टपरीवर जात नाहीत. त्यांचा चहा जागेवर येतो आणि त्या तो जागेवरच पितात. म्हणजे विश्रांती ऑफिसात होतीच, फक्त ती उठून जाणाऱ्याला मिळत होती. अधिकारी हसले. 'प्रायोगिक तत्त्वावर' तोंडी परवानगी मिळाली. तोंडी, हे लक्षात ठेवा.

आम्ही त्या दिवशी आणखी एक युक्तिवाद करू शकलो असतो, की व्यायामाने काम वाढेल, चुका कमी होतील. तो मुद्दाम केला नाही. एक तर तसा पुरावा आमच्या हातात नव्हता. आणि दुसरं, काम वाढतं म्हणून बाईच्या कंबरेकडे बघायचं, हे आम्हाला मान्य नाही. उद्या काम वाढलं नाही तर?

विश्रांती मागून घ्यावी लागते, हे मराठी माणसाला नवं नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. जूनमध्ये मालकांनी रविवार दिला. पुढे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजायला रोज दोन वेळा उठायची मुभा दिली, तीही नेहमीच्या विश्रांतीखेरीज. म्हणजे कामाच्या वेळेत बाईच्या शरीरासाठी वेगळी मिनिटं मोजायची, हे तत्त्व कायद्याला तेव्हाच पटलं होतं. मात्र शरीर दुसऱ्यासाठी असताना! स्वतःच्या कंबरेसाठी मागितली की ती चैन.

असो. आता आमची फजिती सांगते, कारण शिकलो ते तिच्यातूनच.

पहिल्या दिवशी मी स्वतः पुढे उभी राहिले. कुठल्याशा पुस्तिकेतून बारा प्रकार निवडले होते. हात वर ताणा, कमरेत वाका, जागच्या जागी उड्या मारा. चाळीसपैकी छत्तीस बायका-पुरुष उभे राहिले आणि दोन मिनिटांत निम्म्या बायका खाली बसल्या. हात वर केला की ब्लाउज वर सरकतो, पदर पडतो, आणि समोरच्या रांगेत पुरुष सहकारी उभे. कुणी काही बोललं नव्हतं, नुसतं एक जण खोकला होता. तेवढं पुरलं. मी सलवार-कमीज घालून ओढणीला गाठ मारून उभी होते, माझ्या लक्षातच आलं नाही!

उड्यांचं आणखी वेगळं. दोन बाळंतपणं झालेली एक बाई मला जिन्यात गाठून म्हणाली, "ताई, उडी तेवढी नको. शिंकलं तरी थोडी लघवी होते मला. आठ वर्षं झाली." मी पुढच्या आठवड्यात बायकांची वेगळी बैठक घेतली आणि हा विषय स्वतःहून काढला. नऊ जणी बोलल्या. एकीनेही डॉक्टरला सांगितलं नव्हतं. वय झालं, मुलं झाली, असंच असतं, असं धरून चाललेल्या. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, बाळंतपणात ती सैलावते आणि व्यायामाने पुष्कळ जणींची पुन्हा घट्ट होते. डॉक्टर आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे लिहून ठेवलंय. लघवी अडवताना जो भाग आपण आत ओढतो तोच आवळायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. खुर्चीत बसल्या बसल्या होतं, कुणाला कळतही नाही. साऱ्या कार्यक्रमात कोणता व्यायाम टिकला असेल तर हा! महिन्या-दोन महिन्यांत फरक नसेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, लाजायचं नाही.

तिसरी फजिती पाण्याची. आम्ही सांगत होतो, पाणी प्या, म्हणजे आपोआप उठणं होईल. बायका माना डोलवायच्या, बाटल्या भरलेल्याच राहायच्या. विभाग दुसऱ्या मजल्यावर. त्या मजल्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली अधिकाऱ्यांच्या शिपायाकडे. त्याच्याकडे किल्ली मागायची लाज, म्हणून तळमजल्यावर जायचं. आणि त्या विभागातल्या एका कनिष्ठ लिपिक मुलीला 'कार्यालयीन वेळेत जागेवर आढळून आल्या नाहीत' असा मेमो मिळाला होता. ती तळमजल्यावर गेली होती. मेमोला उत्तर काय लिहायचं? तिने 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं. तेव्हापासून अख्ख्या रांगेने पाणी कमी केलं. व्यायामाच्या आधी आम्ही त्या कुलपामागे लागलो. पाच महिने गेले. आता किल्ली बायकांच्या कपाटात असते. या सबंध कामातलं एक तरी नक्की झालेलं काम दाखवा म्हटलं, तर मी ती किल्ली दाखवीन.

थांबा. बोलण्याच्या भरात राहिलंच. तुम्ही पंचवीस मिनिटं सलग बसून ऐकताय आणि मी बसण्यावर भाषण करतेय. उठा सगळ्या. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, चक्कर येते, दिवस गेलेत, त्यांनी जमेल तेवढंच करा.

खुर्चीच्या पुढच्या कडेवर या. हात छातीवर घ्या, खुर्चीला धरू नका. उठा. सावकाश बसा, धपकन नाही. असं दहा वेळा. मांड्यांना कळतंय ना? आता पुढच्या खुर्चीची पाठ धरा आणि टाचा उचला, खाली टेकवा. वीस वेळा. हाच तो पोटरीचा पंप. खांदे कानांपर्यंत न्या, मागे फिरवा, सोडा. पदराला धक्का लागत नाही, करून बघा. एक हात पुढे ताठ, बोटं दुसऱ्या हाताने अलगद मागे ओढा, मग दुसरा हात. मान गोल गरगर फिरवू नका. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, बस्स. शेवटी खिडकीबाहेरच्या त्या झाडाकडे वीस आकडे मोजेपर्यंत बघा, डोळ्यांना जवळचंच बघायची सक्ती झालेली असते. झालं. उरलेल्या वेळात बोळातून एक फेरी, एक जिना. आमच्याकडे जे चालतं ते एवढंच. त्यात प्रार्थना नाही, कुणाला कसलाच संकोच वाटू नये म्हणून. आणि वजनाचा काटा नाही! सुरुवातीला एका उत्साही गृहस्थांनी आणला होता. पहिल्याच दिवशी कुणाचे किती किलो यावर विनोद सुरू झाले. काटा परत पाठवला.

बसा आता. नको असेल तर उभ्या राहा.

एक प्रसंग राहिला आणि तो सांगितल्याशिवाय मला हा विषय सोडता येणार नाही. दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. आम्ही टाचा वर-खाली करत होतो. दारात झाडू टेकवून सफाईच्या मावशी बघत होत्या. कंत्राटावरच्या. मी म्हटलं, "मावशी, या ना तुम्ही पण." त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही बसून दमता म्हणून उभ्या राहताय. मी सकाळी सहापासून उभीच आहे बाई. मला बसायला कोणती खुर्ची?"

कुणाला काही सुचेना. पंधरा वर्षं त्या त्या मजल्यावर काम करत होत्या. त्या कुठे बसतात हा प्रश्न एकीलाही पडला नव्हता. जिन्याखाली बादल्यांच्या शेजारी त्या डबा खात होत्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी, असं लिहून ठेवलं होतं. पण कापडाच्या दुकानांत दहा-दहा तास उभं राहणाऱ्या केरळमधल्या बायकांना 'बसण्याचा हक्क' मागायला चळवळ करावी लागली. कोळिकोडच्या शिंपीकाम करणाऱ्या विजी पळितोडी यांनी ती उभी केली, आणि २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बदल करून तो हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही. एका बाईला उठायचा हक्क हवाय, दुसरीला बसायचा. भांडण एकच आहे, माझं शरीर दिवसभर कोणत्या स्थितीत राहील हे कोण ठरवणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही खिडकीपाशी एक बाक ठेवला. पावणेबाराला आम्ही उठायचो आणि मावशींनी बसायचं, असं ठरलं. पहिले चार दिवस त्या बसल्याच नाहीत. कंत्राटदाराचा माणूस बघेल म्हणून. मग बसू लागल्या, दाराकडे तोंड करून. आजही तशाच बसतात. त्यांच्या त्या दहा मिनिटांची नोंद कुठल्याच वहीत नाही आणि उद्या कंत्राट बदललं तर बाक राहील, मावशी राहतील की नाही, सांगता येत नाही. याचं उत्तर आमच्याकडे अजून नाही.

आपली अधिकारी मंडळी ही कल्पना उचलतील तेव्हा सावध राहावं, असंही मला वाटतं. जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवरून सामूहिक कवायत चालू झाली. लाखो लोकांनी ती आनंदाने केली, अजून करतात. पण एका आवाजावर सगळ्या देशाने हात वर करायचे, याची दुसरी बाजू युद्धाच्या काळात दिसलीच. हजेरी घेऊन, सक्तीने, फोटो काढून प्रसिद्धीला द्यायला व्यायाम सुरू झाला, की तो आपला राहत नाही. ज्या दिवशी पोटात दुखतंय त्या दिवशी कुणाला नुसतं खिडकीशी उभं राहायचं असेल, तर तीही त्याच दहा मिनिटांची हक्कदार आहे.

आज स्थिती अशी. तीन विभागांत सुरू केलं होतं. दोन ठिकाणी चालू आहे, दुपारचं जास्त नियमित. परीक्षा विभागात निकालाच्या हंगामात बंद पडलं, अधिकारी बदलले आणि नव्यांनी विचारलं, "परवानगी कुठे आहे?" ती तोंडी होती. जिच्यामुळे हे सुरू झालं ती बाई आता आमच्याकडे आली की खुर्चीत बसते, पंधरा-वीस मिनिटं. मग उठते. तिची कंबर टाचा उचलून बरी झाली, असं मी म्हणणार नाही. तिला मणक्याचा त्रास निघाला, तिचे उपचार वेगळे चालू आहेत. पण रजा मागताना तिने अर्जात 'वैयक्तिक कारण' लिहिलं नाही. 'सलग बसण्याच्या कामामुळे कंबरदुखी' असं लिहिलं. कुलसचिवांच्या कार्यालयातून तिला फोन आला, हे बदलून द्या. तिने दिलं नाही.

म्हणून यावेळी लेखी मागायचं ठरवलंय. कुलसचिवांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवलाय. त्यात रोज दोन वेळा दहा मिनिटं कार्यालयीन वेळेत मिळावीत, तेवढ्या प्रमाणात कामाचा कोटा धरावा, प्रत्येक मजल्यावर बायकांचं उघडं स्वच्छतागृह आणि उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायला जागा असावी, एवढंच आहे. तुमच्या विभागाप्रमाणे बदल करा. आणि सह्या घेताना कंत्राटी बायकांच्या सह्या वेगळ्या कागदावर घ्यायच्या नाहीत, त्याच कागदावर, मधेमधे घ्यायच्या, असं त्या निवृत्तीला आलेल्या बाईंनी मला निघताना बजावून सांगितलंय. पेन टेबलाला दोऱ्याने बांधलंय, सही करायला उठावं लागेल.